कोच कीथवर माझी नजर

४ ऑक्टोबर, शनिवार
शुभ्राच्या फुटबॉल अकॅडमीत नवा कोच आलाय. नाव कीथ. म्हणे इंग्लंडमध्ये प्रोफेशनल फुटबॉलर होता. मी इतकी वर्षं जागरणं करून मॅचेस बघतोय, हे नाव एकदाही ऐकलेलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

जेवताना शुभ्राला ऑफसाइड समजावायला गेलो, तर म्हणाली, कोच वेगळं सांगतात. या घरात ऑफसाइड आजवर मीच समजावत आलोय.

६ ऑक्टोबर, सोमवार
शुभ्राला आणायला गेलो तेव्हा कीथकडेच सहज चौकशी केली. सोळाव्या वर्षी क्लबात लागला, तिथे सीनियर्सचे बूट घासायचा. (फुटबॉलर की हॉटेलातला पोऱ्या?) मग थर्ड डिव्हिजन. मग घोटा गेला आणि करिअर खलास. काही सर्टिफिकेट वगैरे आहे का विचारलं, तर नुसता हसला. गाडी जुनी, दाराला पोचा. फुटबॉलरच्या गाडीला पोचा?

घरी बायकोला, अनुराधाला म्हटलं, खरा असता तर इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत कशाला आला असता?

"शैलेंद्र, आपण कशाला आलो?"

विषय तो नव्हता.

८ ऑक्टोबर
प्लॅन ठरला. शनिवारी पालक विरुद्ध कोच अशी मॅच आहे. शुभ्रासमोर त्याला चकवून गोल मारायचा, म्हणजे पितळ उघडं. मी कॉलेजच्या टीममध्ये होतोच. (राखीव.) उद्यापासून पहाटे धावणे. गोड बंद.

९ ऑक्टोबर
ह्युमिडिटी फार. मनातल्या मनात प्रॅक्टिस केली, तीच जास्त महत्त्वाची. शेजारच्या शालिनीवहिनींनी पुरणपोळ्या पाठवल्या. नाही म्हणणं बरं दिसत नाही. शिवाय मॅचआधी कार्बोहायड्रेट लागतातच.

११ ऑक्टोबर, शनिवार, हॉस्पिटल
बॉल माझ्याकडे, समोर कीथ. शुभ्रा बाहेरून "यल्ला बाबा" म्हणत होती. (अरबीत, चला.) डावीकडे झुकलो, उजवीकडे वळलो. बूट टर्फमध्ये अडकला. मी वळलो, घोटा वळला नाही. कीथ जागचा हललाही नव्हता. (प्रोफेशनल माणूस हलत का नाही?)

त्यानेच उचलून त्या पोचा आलेल्या गाडीत घातलं. एक्स-रे काढणारा इंग्लिश निघाला, कीथच्याच गावचा. माझ्या पायाकडे न बघता त्याने कीथचा हात धरला. म्हणाला, तुमचा घोटा गेला त्या दिवशी माझे वडील स्टेडियममध्ये बसून रडले होते. कीथ मान खाली घालून उभा. दोघांची मिलीभगत असू शकते. पण त्या माणसाचे डोळे खरंच भरले होते. मला फार वाईट वाटलं. थोडं कीथसाठीही.

१२ ऑक्टोबर
फ्रॅक्चर आहे. कीथच्या मते अगदी त्याच्यासारखंच. म्हणजे आम्हा दोघांचंही करिअर एकाच दुखापतीने संपलं. शुभ्राला हे मुद्दाम सांगितलं. तिने ऐकलं की नाही कळलं नाही, कारण ती माझ्या प्लास्टरवर कोचची सही घेत होती. प्लास्टर निघालं की तिला ते शोकेसमध्ये ठेवायचंय.

आणि माझा पाय, मी विचारलं.

"लेग यू कॅन कीप, बाबा."