न लुटल्या गेलेल्या इसमाचा फोन

प्रति,
मा. चौकीप्रमुख,
बोडी वॉर्ड पोलीस चौकी, भंडारा.

विषय : फसवणूक न झाल्याच्या संशयावरून जप्त केलेला मोबाईल परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या चौकीची जप्ती पावती, दि. १२ जानेवारी २०२६.

महोदय,

१. अर्जदार टिकाराम हटवार हा पितळी भांड्यांचा दुकानदार आहे. त्याच्या गल्लीतील पाच घरे मिळून सिनेमा-मालिकांच्या एका ॲपची वर्गणी भरतात. भिशीसारखी दरमहा चिठ्ठी निघते. नाव निघेल त्याने पैसे भरायचे, बाकीच्यांनी फुकट पाहायचे. जानेवारीची चिठ्ठी अर्जदाराची निघाली व एक तारखेलाच त्याने पैसे भरले.

२. दि. ९ रोजी शेजारी भैय्याजी यांना अनोळखी नंबरवरून संदेश आला, की वर्गणी थकली आहे, सायंकाळपर्यंत खालील लिंकवर भरा. त्या वेळी भैय्याजी त्याच ॲपवर मालिका पाहत होते आणि मालिका सुरळीत चालू होती. ही बाब त्यांना खटकली नाही. टिकाराम पैसे बुडवताना सापडला, या आनंदात त्यांनी लिंक गल्लीच्या ग्रुपवर टाकली, स्वतःचे कार्ड भरले आणि लिहिले, "तुले नाई झेपत त सांगाचं ना गा टिकाराम, मी भरून टाकलो." अर्जदाराला लाजवण्याचा मान एकट्या भैय्याजींना का मिळावा, म्हणून पंधरा मिनिटांत चंद्रभागाबाई, प्रफुल्ल सर व रिता मॅडम यांनीही त्याच लिंकवर कार्ड व ओटीपी देऊन टाकले. थकबाकी एक, तीही खोटी, भरणारे चार. चोरालाही इतकी अपेक्षा नसावी.

३. अर्जदाराने ग्रुपवर लिहिले, की लिंक दाबू नका, ॲप उघडून त्यातच खाते पाहा, आणि कार्ड दिले असेल तर आधी बँकेला फोन करून ते बंद करा. यावर शाळेत कॉम्प्युटर शिकवणारे प्रफुल्ल सर उत्तरले, "पैसे वाचवाले माणूस काय काय सांगते!" अर्ध्या तासात चारही खाती रिकामी झाली.

४. मग चौघे आपल्याकडे आले. आपल्या हवालदारसाहेबांनी "पाचात एकाचंच काहून नाई गेलं?" असा शास्त्रशुद्ध प्रश्न विचारून अर्जदाराचा फोन कपाटात ठेवला. न फसणे कोणत्या कलमात बसते, हे पावतीवर लिहिलेले नाही. लग्नसराईची सर्व गिऱ्हाइके त्या फोनात आहेत, आणि गल्लीत अर्जदार दिसताच चंद्रभागाबाई पर्स पदराआड घेतात.

५. आज सकाळी ग्रुपवर नवा संदेश आला. गेलेले पैसे परत मिळतील, लिंकवर आधार व बँकेचा तपशील भरा, असे त्यात असल्याचे अर्जदाराने भैय्याजींना ओट्यावर मोठ्याने वाचताना ऐकले. चौघेही कागदपत्रे घेऊन तेथे जमत आहेत. अर्जदाराने रस्त्यावरून ओरडून सावध केले असता चंद्रभागाबाई म्हणाल्या, "आमचे पैसे वापस येऊन राह्यले त तुह्या पोटात काहून दुखते?"

६. तरी अर्जदाराचा फोन परत करावा व तो संशयित नसल्याचे लेखी द्यावे. हे नियमात बसत नसल्यास, निदान आज दुपारच्या आत त्या चौघांचेही फोन जप्त करावेत.

आपल्याच चौकीच्या बाकावर उत्तराची वाट पाहत बसलेला,

(सही)
टिकाराम सीताराम हटवार
भंडारा, दि. १९ जानेवारी २०२६

सोबत : वर्गणी भरल्याची पावती, छापील. (यात लिंक नाही.)