पाण्याची खालची बाजू

३ तारीख, सोमवार
लेकी, पोचून आठवडा झाला, लिहायला उशीर झाला, माफ कर. आता रोज वहीत लिहीन आणि एकदम धाडीन. तुझ्या मुलीच्या प्रयोगशाळेत ताटल्या धुवायचं काम मिळालं. जिवाला बरं वाटतंय. पाण्याच्या ताटलीवर दोन प्रकाशझोत पडतात, तिसरा उठतो. त्याची नुसती ताकद मोजली तर वरच्या थरात कण किती ते कळतं; त्याची लाट कुठल्या पावलावर आहे ते मोजलं, की कणांची तोंडं वर की खाली तेही कळतं. आधी गारगोटीच्या चकतीवर माप जुळवायचं, मग पाणी बरोबर त्याच उंचीला आणायचं. केसभर चुकलं तरी सगळं उलटं दिसतं. पाणी भरणं माझ्याकडे. चौथी शिकलेल्याला पुष्कळ झालं.

५, बुधवार
पाण्याला माझं बोट लागलं. कणांची तोंडं दाखवणारी पडद्यावरची रेघ खाली गेली. नात हसली, म्हणाली, आजोबा, तुमच्या बोटाचं तेल सापडलं, आता चोरी करायची सोय नाही. बोट वरून लागलं की रेघ खालीच जाते म्हणे.

१०, सोमवार
दुपारी रेघ वर गेली. तेल बोटाचंच, पण उलटं. खालून लागल्यासारखं. ताटलीखाली तर नुसतं लोखंडी टेबल. मी दोन पावलं मागे सरलो. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही स्वतःच्या सावलीलाही वाट देता. माप चुकलं असेल. चकती दोनदा जुळवली. पुन्हा वर.

१२, बुधवार
आज पाच बोटांचं तेल. नातीने हात बुडवून पाहिला. ताटली बोटभर खोल — हात कोपरापर्यंत गेला. मी खांदा धरून ओढली. निघाली. हसली नाही.

१३
दुसऱ्या, धुतलेल्या ताटलीतल्या पाण्याला तिने बोट लावलं. वरून, माझ्यासमोर. रेघ वर.

काल हात बुडवला त्या जुन्या ताटलीजवळ कोणीच नाही. तिथे रेघ खाली. आपल्या माणसासारखी. थांबून थांबून, पुन्हा पुन्हा —

१४
मी हात घातला. लगेच तळ लागतो. पाण्यावर वाकून नातीला हाका मारल्या. पाणी आटतंय, सारखं भरतोय. आटलं तर पोर —

१५
मी ओढून काढली ती निघाली. आईला भेटते म्हणाली. अडवायला हवं होतं — पण ताटली सोडून जाऊ कसा? वही पहारेकऱ्याच्या हाती देतोय. दार उघडू नकोस. उघडलं असशील तर — तिने तुला हात लावला का? लवकर कळव, लेकी, मी पाणी भरतोय, लवकर —