उरुआचं डोकं

प्रिय कायरुआ,

"डोकं थोरल्याचं, शेपूट ज्याच्या वाट्याला येईल त्याचं." पापा हे म्हणाले तेव्हा तू पाच वर्षांचा होतास आणि माशाच्या डोळ्यासाठी रडत होतास. त्यांनी तो दिला नाही. मी माझ्या वाट्याचा पाठीचा बिनकाट्याचा तुकडा तुझ्या पानात सरकवला, आणि तू हुंदके देतच तो खाल्लास. तुला हे आठवत नसेल. तुला माझ्याबद्दल जे आठवत असेल ते चांगलंच असणार, म्हणून हे पत्र लिहिणं इतकं जड जातंय.

घरासमोरच्या पापांच्या थडग्याला मागच्या आठवड्यात पांढरा रंग दिला. तू अंत्यविधीला आला नाहीस यावर गाव अजून चघळतंय. शेजारची म्हातारी तर चर्चच्या पायरीवर म्हणाली की, ऑकलंडची हवा लागली की रक्तसुद्धा पातळ होतं. मी हसले. अकरा वर्षं मी अशा बोलण्यावर हसतेच आहे.

शाळेत मी अजून सहावीला शिकवते. परवा फळ्यावर अन्नाची उतरंड काढली. तळाला खडकावरचं शेवाळ, त्यावर ते खरवडून खाणारे बारके मासे, त्यावर त्यांना खाणारे, आणि सगळ्यांत वर तू धरला होतास तसा भला मोठा शिकारी मासा, उरुआ. सूर्याकडून शेवाळाला मिळालेल्या बळातलं दहातलं एकच पायरीगणिक वर जातं, हे मी दरवर्षी सांगते. हजार माप शेवाळ असेल तर उरुआपर्यंत जेमतेम एक माप पोचतं. मुलं नेहमी विचारतात, बाकीचं कुठे गेलं? पोहण्यात, श्वासात, अंगाच्या उबेत गेलं, जगण्यातच खर्च झालं, असं मी सांगते. पण या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, आणि विष? ते पण कमी होतं का वर जाताना?"

नाही, कायरुआ. ते कमी होत नाही. ते कुणी खर्च करत नाही. मेलेल्या प्रवाळावर जे शेवाळ धरतं त्यातला कणभर विखार हजार माशांच्या पोटांतून जसाच्या तसा गोळा होत वर येतो, आणि सगळ्यांत मोठ्या माशाच्या डोक्यात नि काळजात बसतो. ते डोकं आपण सगळ्यांत मोठ्या माणसाला मानानं वाढतो. मी तिला एवढंच म्हणाले की, नाही होत कमी, बस खाली. मग खडू ठेवला आणि बाहेर जाऊन नळाखाली हात धरला.

बोटींच्या धक्क्यासाठी प्रवाळ फोडायला गावानं संमती दिली त्या कागदावर आपल्या घराची सही पापांचीच होती, हे तुला कुणी सांगितलं नसेल. बोटी येतील, पोरांना काम मिळेल, असं ते म्हणायचे. नंतर तिथे मोठे मासे फिरकायला लागले तेव्हा "जा की, तिकडे टाक गळ" असं तुला सांगणारेही तेच. पण घरातला दोष विषासारखा वर चढत नाही. तो खाली उतरतो, आणि सगळ्यांत धाकट्यापाशी येऊन थांबतो.

तो रविवार तुला ठाऊक आहे. तुझा पहिला एवढा मोठा मासा. ज्यांनी आयुष्यात कुणाचं कौतुक केलं नाही ते पापा वाळूत उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "माझ्या पोरानं आणलाय." आपली रीत अशी की, ज्यानं पकडला त्यानं आधी तुकडा मांजरीला घालायचा आणि अर्धा दिवस थांबायचं, तिला काही झालं नाही तरच मासा पानात वाढायचा. तुला शहाळी उतरवायला पाठवलं होतं. जाता जाता तू ओरडलास, "ताई, मांजरीला तेवढं घाल गं." भट्टीचे दगड तापले होते. नारळाच्या दुधातली अळूची पानं बांधून तयार होती.

संध्याकाळपर्यंत पापांचे ओठ बधिर झाले. मग पाय. आम्ही शेपटीकडचं खाणारे दोन दिवस हातापायांना आलेल्या मुंग्यांवर निभावलो. त्यांना विमानानं रारोटोंगाच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. परत आले ते गार पाणी विस्तवासारखं लागणारे पापा. समुद्रात पाय घातला तर भाजल्यासारखे ओरडायचे. मरेपर्यंत ते पाण्याकडे पाठ करून ओट्यावर बसले.

इस्पितळात सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "मांजरीला घातलं होतं?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी फरशीकडे. आणि तू म्हणालास, "राहिलं माझ्याकडून." त्यानंतर ते तुझ्याशी बोलले नाहीत. तू गेलास त्या दिवशी विमानतळावर तुझ्या गळ्यात हार घालायला कुणी आलं नाही. मीही नाही. मांजरीला घालायचं ताई विसरली, तिच्या डोक्याला कामं किती, असंच तू धरून चाललास, हे मला माहीत आहे.

मी विसरले नव्हते. गालाजवळचा तुकडा मी मांजरीपुढे ठेवला होता. तिनं हुंगला आणि ती निघून गेली. तिचं पोट भरलेलं असेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि अकरा वर्षं सांगत आले. ओट्यावरून पापा हाका मारत होते, "पोरी, आण की आता." त्या एका दिवशी ते आनंदात होते आणि तो आनंद माझ्या हातून त्यांच्या पानात पडावा असं मला वाटलं. मी तो तुकडा उचलून डुकराच्या खड्ड्यात टाकला आणि डोकं वाढलं. हे मी पापांना सांगितलं नाही. ते गेल्यावर सांगायला आता तूच उरला आहेस. आता रविवारी डोकं माझ्या पानात येतं, कारण या घरात थोरली मी. मी ते झाकून बाजूला ठेवते. ते तुझं आहे. एकदा ये, त्या जागेवर बस, आणि माझ्या हातचं डोकं खा. मांजरीला मी या वेळी तुझ्यासमोर घालीन, आणि तू म्हणशील तेवढा वेळ थांबेन.

अजूनही तुझीच म्हणवणारी,
ताई तेपाएरू