वर्नाच्या पुढच्या दाताचा रंग

३ मार्च, सोमवार

फुटला! वर्नाचा वरचा पुढचा दात — मीच बायकोसाठी केलेला, पोर्सेलीनचा — कडक प्रेट्झेल बिस्किटावर फुटला. अर्धा तिच्या हातात आला, अर्धा बहुतेक पोटात. पोटात गेला तर काही होतं का? घरी येणाऱ्या नर्सला विचारलं. ती म्हणाली, "आता त्यानं काही फरक पडत नाही, मिस्टर स्टॅम्बॉ."

कळलं मला. पण तोंडावर कशाला बोलायचं असं!

४ मार्च, मंगळवार

लेक मार्लीन फास्नाक्ट — आमचे तळलेले गोड डोनट — घेऊन आली. पोरीनं दुकानातून आणले. उद्यापासून उपास म्हणून आज साऱ्या यॉर्क गावात घराघरात तळतात, आमच्याकडे यंदा कढईच निघाली नाही. वर्नानं एक दुधात बुडवून खाल्ला — भिंतीकडे तोंड करून. बोलतानाही हात तोंडावर.

"आई, घरचेच आहोत ना आम्ही!" मार्लीन म्हणाली.

हाताआडून उत्तर आलं, "घरच्यांच्याच तर आठवणीत राहायचंय मला."

संध्याकाळी तिच्या थोरल्या बहिणीचा, इडाचा फोन. शनिवारी येते म्हणाली. वर्नानं मान हलवली — नको. "सांग तिला, मी हॅलोविनच्या कोरलेल्या भोपळ्यासारखी दिसते."

काही आठवडे उरलेत, नर्सनं सांगितलंय. इडाला न भेटताच —? नाही. दात करायलाच हवा.

६ मार्च, गुरुवार

दातांच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. क्लेपर. मार्लीनपेक्षाही लहान. ज्यावर दात टोपीसारखा बसतो तो आतला खुंट शाबूत आहे म्हणाल्या, साचा घेतला. "झिर्कोनियाचा देते की करून. मशीन कोरून देतं. हातोडी मारलीत तरी फुटायचा नाही."

चांगल्या आहेत बाई. आणि दाढ असती तर मीही तेच म्हटलं असतं. पोर्सेलीन दाब सोसतं, पण जरा वाकवा की तडकतं. पण त्याच्यात उजेड शिरतो, आत हिंडतो, मग परत येतो. म्हणून ते जिवंत दिसतं. झिर्कोनिया कितीही केलं तरी जरा मख्खच. बाईंना म्हटलं, "तिला आता काय चावायचंय? सूप पिते. ताकद नको, फक्त रंग हवा."

त्यांनी साचा माझ्या हातात दिला. "तुम्हीच करा. बसवायला मी येईन."

७ मार्च, शुक्रवार

रंग घेतला. वर्ना खिडकीपाशी खुर्चीत झोपली होती, नाकात प्राणवायूची नळी, तोंड उघडं. उत्तरेकडचा छान उजेड होता. नमुन्याचे दात एकेक करून तिच्या दातांशेजारी धरले. उठवलं नाही. दुखणं थांबून कुठे डोळा लागलेला.

तळघरातली माझी जुनी, दात भाजायची भट्टी लावली. चालतेय! पण वर प्राणवायू, खाली भट्टी — काही भडका उडाला तर? मार्लीन म्हणाली, "पप्पा, विजेची भट्टी आहे, आणि मध्ये अख्खा मजला आहे!" तरी वर जाऊन पाहून आलो. मग परत पाहून आलो. वर्ना जागी झाली. म्हणाली, "मी अजून इथेच आहे, हार्लन. जा, काम कर."

८ मार्च, शनिवार

हातांची सवय मोडलीय. कुंचला ओला केला की जरा शहाण्यासारखे वागतात. खुंटाच्या साच्यावर प्लॅटिनमचा पातळ पत्रा बसवला. पावडर पाण्यात कालवून थर चढवले. हळूच ठोकायचं, वर आलेलं पाणी कागदानं टिपायचं. दात हवा त्यापेक्षा चांगला मोठा करायचा, कारण भट्टीत आकसतो. कच्चा असताना अगदी घोड्याचा दिसतो.

दातांच्या कारखान्यात आम्ही हे रोज करत होतो, रेडिओवर बेसबॉल ऐकत. आज श्वास घ्यायचीही भीती.

११ मार्च, मंगळवार

बाईंनी दात बसवला. कडा बरोबर. उंची बरोबर. रंग —

पांढराफटक! शेजारचे दात मधासारखे आणि मध्ये हा, नवीन बशीसारखा. आणि लगेच कळलं काय झालं ते. दात सुकला की उजळ दिसतो. तोंड उघडं ठेवून झोपलेल्या माणसाचा रंग घ्यायचा नसतो. आधी दात ओला करायचा, मग नमुना धरायचा. आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. मी तिला उठवलं नाही ना!

वर्नानं आरसा मागितला. बघितलं. मी म्हटलं आता रडणार.

हसली! हात न लावता. "अरे, मी तर पियानो झाले!" मार्लीनही हसत सुटली. बाईही. मी एकटाच उभा.

मग म्हणाली, "इडाला फोन कर."

१५ मार्च, शनिवार

इडा नदीपलीकडून आली, चिकन-मक्याचं सूप घेऊन. आल्या आल्या म्हणाली, "दाखव गं, हार्लनची कला!" वर्नानं ओठ वर केले. इडा चष्मा लावून वाकली. "अगंबाई! रात्री दिवा नको लावायला."

"तुझी अख्खी कवळी ग्लासात ठेवावी लागते. माझा एकच आहे, पण तोंडात आहे."

"कवळीवाल्या बाईला बोलू नये, चावेन!"

दोघी दुपारभर हसत होत्या. धाप लागली तरी. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. निघताना इडानं वर्नाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, बराच वेळ.

गाडीत बसताना इडा मला म्हणाली, "छान दात केलास." चिडवत होती का? रात्री मला तिचं सूप गेलं नाही.

१६ मार्च, रविवार

वर्नाला म्हटलं, दुसरा करतो. बरोबर रंगाचा. "कशाला?" म्हणाली. पण मला तो तिच्या तोंडात बघवत नाही. पाण्याचा घोट दिला, थांबलो, मग नमुने धरले. खरा रंग दोन नंबर गडद! किती चुकलो होतो!

मी वाकून बघत होतो तर ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून माझ्या दातांकडेच बघतोयस. जरा वर पण बघ, डोळे आहेत तिथे."

बघितलं. पण मग बघवेना. परत नमुन्यांकडे वळलो.

१८ मार्च, मंगळवार

झाला! असा दात मी तरुणपणीही केला नव्हता. मानेपाशी मधाळ, टोकाला किंचित धुरकट, मध्ये बारीकशी रेघ — तिच्या शेजारच्या दाताला आहे तशी. ओला करून खिडकीत धरला. वाटलं, हाच तिचा.

बाई गुरुवारी येणार आहेत. वर्नाला दाखवायला वर गेलो. झोपलेली. नर्स म्हणाली, आज दिवसभर उठलीच नाही, पाणीही घेतलं नाही. ओठ ओल्या कापसानं पुसत होती.

बर्फ पडेल म्हणतात. गुरुवारी रस्ता बंद झाला तर?

१९ मार्च, बुधवार

वर्ना पहाटे गेली. तोंड उघडं राहिलं होतं, सगळे दात सुकून पांढरे पडलेले. त्यात माझा कुठला ते मलाही ओळखता येईना.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. उद्या येऊ नका म्हटलं. रंग जुळला.