दुसरी कुंडी

शिरसवाडी, ता. कोपरगाव
१४ जून १९९६

चि. डॉ. माधुरीस अण्णाचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

वि. वि. तुझे पत्र मिळाले. अक्षर पाहून आधी वाटले, पत्र कंपाउंडरने लिहिले असावे. चौथीपर्यंत माझ्या वर्गात तुझ्यासारखे अक्षर कोणाचे नव्हते. डॉक्टरकीने त्याची पार वाट लावली.

तुमच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर परवा पंचायत समितीत आले होते. वीस गावांच्या चिठ्ठ्या सगळ्या सरपंचांदेखत काढल्या. दहा गावांतल्या बायकांची तोंडे दर सहा महिन्यांनी तपासायची आणि मिश्री सोडा म्हणून समजावायचे. उरलेल्या दहा गावांत फक्त माहिती घ्यायची, तपासायचे नाही. पाच वर्षांनी तोंडाच्या कॅन्सरचे प्रमाण दोन्हीकडे ताडून पाहायचे. आपले गाव उरलेल्यांत गेले. सरपंच आप्पासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की मास्तर, पोरगी तुमचीच, एक चिठ्ठी इकडची तिकडे करायला सांगा. मी साफ नाही म्हणालो. चुकलो असलो तर कळव.

तुझ्या आईला हे काही पटेना. मग तिला शाळेतला वालाचा प्रयोग सांगितला. दोन कुंड्या, एकीला पाणी घालायचे, दुसरीला नाही. कोणाला दया येऊन दुसरीला घोटभर पाणी घातले की सगळा प्रयोग बिघडला. ती हसून म्हणाली, म्हणजे आपण कोरडी कुंडी. दुसऱ्या दिवशी विहारात बायकांना मोठ्या तोऱ्याने तेच समजावीत होती. जाळलेल्या तंबाखूची ती काळी पूड दातांना घासल्याशिवाय मात्र तिची सकाळ अजून उजाडत नाही. तू सांगून थकलीस, मी तर केव्हाच थकलो.

प्रकृतीस जप. लोभ आहेच, पत्रही येत राहावे.

तुझा,
सोपान मास्तर ऊर्फ अण्णा


मुंबई
२ जुलै १९९६

ती. अण्णा व ती. आई यांस माधुरीचा सविनय जय भीम.

वि. वि. अण्णा, तुम्ही केले तेच बरोबर. आपल्या वस्तीतून पहिली डॉक्टर झाले, तेव्हा माझ्यावर सगळ्यांची नजर. आपलेच गाव आत घेतले असते, तर लोकांना बोट ठेवायला आयती जागा मिळाली असती. ज्या बाईला त्रास होईल तिने मात्र दवाखान्यात जावेच, त्याला कोणाचीही आडकाठी नाही. हे गावात सांगा.

इथे सकाळपासून बाह्यरुग्ण विभागात रांग असते. तोंड उघडा म्हटले की आता मी चेहरा पाहत नाही. जीभ, गाल, हिरड्या पाहते आणि पुढचा माणूस बोलावते. पहिल्या वर्षी खोलीवर येऊन रडत असे. आता जेवते आणि झोपते. आमचे सर, म्हणजे पंचायत समितीत आलेले तेच मोठे डॉक्टर, म्हणतात, असेच व्हावे लागते, नाहीतर हात चालत नाही. त्यांचे खरे असेल.

आईने मिश्री सोडली नाही तर मी तिच्याशी कट्टी घेईन, असे तिला सांगा. मायेत अंतर पडू देऊ नये.

तुमची,
माधुरी


शिरसवाडी
२० नोव्हेंबर १९९७

चि. माधुरीस अण्णाचे आशीर्वाद, जय भीम.

वि. वि. पेरूचा बहर चांगला धरला आहे. येणारे-जाणारे भेटले तर पाटीभर पाठवीन.

घरात सध्या फार शांतता आहे. तुझी आई बोलायची कमी झाली. मला पेपर निवांत वाचायला मिळतो, म्हणून मी कारण विचारायला गेलो नाही. पण ठेचा तिने पार बंद केला. दुधात भाकरी कुस्करून तेवढी खाते. विचारले तर दाढ दुखते म्हणते. तुला कळवू नका, पोरीच्या कामात खोडा नको, अशी ताकीद आहे. पण दाढेच्या औषधाचे कळवायला काय हरकत आहे? तेवढे लिही.

मनात आठवण ठेवतेस तशी सवडीने घरीही ये.

तुझा,
अण्णा


मुंबई
११ डिसेंबर १९९७

ती. अण्णा व ती. आईस सविनय जय भीम.

वि. वि. आनंदाची बातमी आहे. आपल्या भागातल्या कामावरचा माझा निबंध दिल्लीच्या परिषदेत वाचायला घेतला आहे. तपासणीच्या गावांत तोंडात कॅन्सरच्या आधीचे पांढरे डाग असलेल्या बायका वेळेवर सापडल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींनी मिश्री टाकली. सर म्हणाले, असे काम माणसाच्या हातून एकदाच होते. मला हसू आले पाहिजे होते, ते आले नाही. झोप कमी पडते म्हणून असेल.

आईच्या दाढेला लवंगेचे तेल लावा आणि श्रीरामपूरला दातांच्या डॉक्टरला दाखवून टाका. फेब्रुवारीत परिषद झाली की येते.

तोवर राग धरू नये.

तुमची,
माधुरी


मुंबई
९ एप्रिल १९९८

ती. अण्णांस जय भीम.

वि. वि. तारीख अचानक अलीकडे आली आणि तुम्ही गावी परतलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईचे ऑपरेशन झाले. अर्धी जीभ काढावी लागली, मानेतल्या गाठीही काढल्या. आता विजेचे शेक सुरू होतील. नळीवाटे दूध घेते. ताप नाही.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी मुंबईला पाठवले हे बरे केले. तरी फेब्रुवारीत माझे येणे झाले नाही, आणि तुम्ही तिला आणलेत तेव्हा दुखणे मानेपर्यंत उतरले होते. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे तोंड उघडा म्हणाले, जीभ पाहिली, कडेची जखम पाहिली. मग कोणाची जीभ आहे ते आठवले. रडू आले नाही. अजूनही आलेले नाही.

काल तपासणी नसलेल्या गावांत एक रोगी वाढला. तो आकडा मीच भरला. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वॉर्डात निघून गेले. यामुळे आमचा मुद्दा अधिक पक्का झाला, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

आईला मी विचारले, केव्हापासून दुखत होते. तिने भिंतीकडे तोंड फिरवले. तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवा.

तुमची,
माधुरी


शिरसवाडी
२८ जून १९९८

चि. माधुरी, तुला तुज्या आईचा जय भीम.

हे पत्र मी सोता लिव्हते. साक्षरतेच्या वर्गात तुज्या अण्णानी हात धरून गिरवून घेतलं, तवा मी कुरकुर केली हुती. आता बोलता येत न्हाई तर तेच कामाला आलं. अण्णा म्हनले, दाखव, चुका काढून देतो. म्या न्हाई दिलं.

तू इचारलं हुतं, कवापासून दुखतंय. गेल्या दिवाळीच्या आधीपासून. जिबंच्या कडंला फोड आला, तो गेलाच न्हाई. मला कळलं हुतं गं. पर आपून कोरडी कुंडी. डॉक्टरीणबाईचीच आई तपासाया आली, तर लोक म्हनतील, हिनं घरच्या कुंडीला गपचूप पानी घातलं. तुजा एवढा अभ्यास वाया जाईल. म्हनून तोंड मिटून बसले. अण्णांना दाढ सांगितली. दवाखान्यात जायचं तू लिव्हलं हुतं, अण्णांनी वाचून दावलं हुतं. मला वाटलं, ते दुसऱ्यांसाठी.

माजं झालं ते झालं. तुज्यावर राग न्हाई. रातचं रडू नको, अन् रडू येत न्हाई म्हनून बी जिवाला लावून घेऊ नको.

पर एक हाय. शेजारच्या केशरबाईच्या गालात पांढरा डाग हाय. मालनबाईला तिखट सोसत न्हाई. मी खुणंनं म्हनलं, जा, दावा. तर त्या म्हनल्या, भामाबाई, तूच इहारात सांगितलं ना, आपून तपासायचं न्हाई, माधुरीचा प्रयोग बिघडंल. समद्या बाया गप बसल्यात. म्याच बसवल्यात. आता मला बोलून ते मागं घेता येत न्हाई.

तू ये. दुसऱ्या कुंडीला पानी घाल.

तुजी,
आई


मुंबई
६ जुलै १९९८

ती. आई व ती. अण्णांस जय भीम.

वि. वि. आईचे पत्र सरांपुढे ठेवले. ते म्हणाले, एका गावात तपासणी केली की उरलेली नऊही बिनतपासणीची ठेवता येणार नाहीत, दोन वर्षांचे काम जाईल. मी हो म्हणाले. माझी इथली नोकरीही जाईल, असे त्यांनी मला सांगितले. त्यालाही हो म्हणाले.

रविवारी सकाळच्या गाडीने पुणतांब्याला उतरते. अण्णांनी शाळेची मोठी खोली उघडून ठेवावी, टॉर्चचे सेल नवे आणावेत. केशरबाई आणि मालनबाईंना पुढे बसवा. आई, तुझी खुर्ची माझ्याशेजारी असेल. तू काही सांगायचे नाहीस. तुझी हरकत नसेल तर सगळ्यांच्या आधी फक्त तोंड उघडायचे. मी या वेळी चेहराही पाहीन.

तुझी,
माधुरी