मुखवट्याचं अस्तर

तात्या,

आज सकाळी मी चिंचोक्याची खळ शिजवली. कीड लागू नये म्हणून तुमच्यासारखीच मेथी वाटून घातली. आईच्या जुन्या लुगड्याचं कापड फाडून घेतलं आणि नरसिंहाचा मुखवटा मांडीवर पालथा घेऊन बसलो. बसलो खरा, पण हात पुढं होईना. आत, कपाळाच्या जागी, तुमच्या घामाचा डाग आहे. तुमचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. तुमचं म्हणून राहिलंय ते एवढंच.

दरवर्षी नरसिंह जयंतीला हा मुखवटा तुम्ही घालायचात. तो उतरेपर्यंत तुमच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही, शब्द नाही. एरवी तुम्ही मारक्या म्हशीलाही बाजूला होऊन वाट देणारे. दिवस मावळताना कागदी खांब फाटतो आणि आतून जे बाहेर येतं, ते तुम्ही नसता. ढोल थांबतात. आई पुढं होऊन पायांवर डोकं ठेवते. शेजारची काकू चिडवते, “नवऱ्याच्या पाया पडायला वरीसभर थांबतीस व्हय गं?”

“नवरा असता तर आतापातूर दोनदा पाणी मागितलं असतं,” आई म्हणते.

बारामतीच्या एमआयडीसीत नुकता कामाला लागलो होतो, तेव्हा मी विचारलं होतं, “तात्या, आत असल्यावर कसं वाटतं?”

“आत मी असतो तर सांगितलं असतं.”

मग मुखवट्याची कड उचकटून तुम्ही कापडाचे थर दाखवलेत. “ह्यो माझ्या आज्याचा, ह्यो बाचा, वरचा माझा. नव्या माणसानं आपलं अस्तर लावायचं, मगच तोंड घालायचं. दुसऱ्याच्या घामात देव उभा करायचा न्हाय.”

तुम्ही गेल्यापासून खांब फाटला नाही. मुखवटा देवळात मांडून नुसता हार घालत आलो. परवा कामावरून येताना देवळाचं बघणाऱ्या आबांनी माझी मोटारसायकल अडवली. “औंदा तरी देव निघंल का? का पुण्याहून फायबरचा आणू?”

“निघंल,” मी म्हणालो. तसाच देवळात जाऊन मुखवटा घरी घेऊन आलो.

आज ते कापड खळीत बुडवलं, हनुवटीपासून वर दाबत नेलं. गाल झाकले. डोळ्यांच्या खाचा झाकल्या, कापून मोकळ्या केल्या. आता मुखवटा उन्हात वाळतोय, आणि आतून तो माझा आहे.

फक्त कपाळापाशी बोटभर जागा मी तशीच उघडी ठेवलीय, तात्या.