रेघेचा वळसा

३ जून

ताई इस्पितळातून आमच्याकडे आली. मेंदूच्या झटक्यानंतर तिच्यापाशी दोनच शब्द उरलेत — ‘हो’ आणि ‘अगंबाई’. चहा हवा का? हो. घराला आग लागली का? हो! आता यापुढे राहायचं कुठे, माझ्याकडे की दूरच्या शहरात मुलाकडे, हे तिला विचारायचं तरी कसं? भाचा फोनवर म्हणाला, “मामा, खोली तयारच आहे इथे. पण ठरवू दे आईलाच.” ठरवू दे म्हणे!

५ जून

स्पीच थेरपिस्ट बाईंनी वाट काढली. पडद्यावर माणसांचे फोटो लावलेल्या चौकटी. बोटाने रेघ ओढून जोडायच्या. आकृत्या काढायचं हे सॉफ्टवेअर माझंच, पोटापाण्याचं. “ताई, कुणाकडे राहायचं?” तिने आपल्या चौकटीतून रेघ ओढली. थेट माझ्या चौकटीत शिरली! पलीकडून निघाली ती भाच्याच्या चौकटीत. म्हणजे राहणार माझ्याकडे, भाच्याची खबरबात मी ठेवणार. अर्थ उघड आहे.

बायको म्हणाली, “अहो, उघड तुम्हालाच दिसतोय.”

भाष्यकार घरातच असला की सूत्राला सुख नाही.

९ जून

थेरपिस्ट बाईंची तक्रार. कुणा आजोबांनी ‘पाणी’कडे रेघ ओढली, ती मधल्या ‘औषध’ चौकटीखालून गेली, आणि सुनेने औषध पाजलं! “तुमची रेघ वाटेत कोण आहे ते बघतच नाही हो!” ओशाळलो. बोट फक्त दोन टोकं दाखवतं; मधला मार्ग ठरवतो तो कोडमधला ‘राउटर’ नावाचा तुकडा, आमच्या भाषेत क्लास. फ्रेमवर्कमधून आयता मिळालेला राउटर दोन टोकं तेवढी सत्य मानतो, मधलं जग मिथ्या. कडवा अद्वैती!

१२ जून

मूळ क्लासला हात लावला नाही. त्यावरून नवा बेतला. पाठशाळेत घोटलेलं व्याकरण कामी आलं — उत्सर्ग, म्हणजे सर्वसाधारण नियम, तसाच राहू द्यायचा, आपण फक्त अपवाद सांगायचा. बाकी सगळं मागून आपसूक चालत येतं. मार्ग काढणारी एकच मेथड नव्याने लिहिली: चौकट आड आली की काटकोनात वळ, अंतर राखून जा.

पहिल्याच चाचणीत रेघेने इतकं अंतर राखलं की पडद्याबाहेर गेली! शेजारी ताई बसली होती. “अगंबाई!” — आणि हसली. आजारानंतर पहिल्यांदा. वाटलं, दुरुस्त करूच नये.

१३ जून

केलं दुरुस्त. मागच्या खोलीतली माझी पुस्तकं हलवून ताईचा पलंग खिडकीशी लावला. “आवडलं?” हो. अर्थात!

१४ जून

ताईची पाच तारखेची आकृती नव्या राउटरने उघडली. रेघ माझ्या चौकटीपाशी आली, काटकोनात वळली, अदबीने वळसा घालून भाच्याकडे गेली. मला कुठे शिवलीसुद्धा नाही. कोडमध्ये चूक शोधली — नाही. माझी चौकट कोपऱ्यात सरकवली. रेघ सरळ झाली.

ताईने ती चौकट कोपऱ्यातून ओढून आणली, आपल्या चौकटीला टेकवून ठेवली. रेघ मात्र तशीच राहू दिली.

भाच्याला फोन केला. “आई येतेय,” म्हटलं.